एकाच बापाची लेकरे : यहुदी मौखिक परंपरा आणि इस्लामची शिकवण

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यहुदी आणि मुसलमान यांच्याविषयी बोलायला विहारच का, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. या दोन समाजांची नावे आपण वर्तमानपत्रात वाचतो ती बहुधा युद्धाच्या बातमीत. त्यामुळे त्यांचे हाडवैर जन्मापासूनचे असावे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पण दोघांची धर्मशास्त्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर ती एकाच आळीत वाढल्यासारखी वाटतात. आणि त्यात एक उतारा असा आहे, की जो ऐकल्यावर आपल्या वस्तीतला कोणताही माणूस म्हणेल, अरे, हे तर आपल्याच प्रश्नाबद्दल आहे! त्या उताऱ्यापर्यंत आम्हाला तुम्हाला न्यायचे आहे. वाटेत थोडी माहिती द्यावी लागेल, ती सहन करा.

आधी मौखिक परंपरा म्हणजे काय ते पाहू. यहुद्यांचा मूळ ग्रंथ तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके. पण धर्मनिष्ठ यहुदी असे मानतो, की सिनाय पर्वतावर मोशेला दोन गोष्टी मिळाल्या. एक लिहिलेली तोरा आणि दुसरी तोंडी तोरा. ही तोंडी तोरा मोशेने यहोशवाला सांगितली, त्याने वडीलधाऱ्यांना, त्यांनी प्रेषितांना, अशी ती गुरुमुखातून शिष्याच्या कानात येत राहिली. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. मंदिर गेले, यज्ञ गेले, पुरोहितांचे काम गेले. उरले काय? पाठांतर. पुढे इ.स. २०० च्या सुमारास येहुदा हनासी नावाच्या गुरूंनी हे सगळे सहा भागांत आणि ६३ प्रकरणांत बांधले. तिचे नाव मिश्ना. मिश्ना या शब्दाचा अर्थच मुळी पुन्हा पुन्हा म्हणणे, घोकणे. मिश्नावर पुढच्या तीन-चारशे वर्षांत जी चर्चा झाली तिच्यासह तयार झाला तो तालमूद.

पण लिहिलेला ग्रंथ हातात असताना तोंडी परंपरा हवीच कशाला? याचे उत्तर तालमूदमधल्या एका गोष्टीत आहे. हिलेल नावाचे एक मोठे गुरू जेरुसलेमला होऊन गेले. त्यांच्याकडे एक परका माणूस आला. मला तुमचा धर्म घ्यायचा आहे, पण फक्त लिहिलेला, तोंडी सांगितलेला मला नको, असा त्याचा हट्ट. हिलेल रागावले नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला मुळाक्षरे शिकवली. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरे उलट्या क्रमाने सांगितली. माणूस बावचळला, म्हणाला की काल तर तुम्ही वेगळेच सांगितलेत! त्यावर हिलेल त्याला जे म्हणाले त्याचा मतितार्थ असा : पहिले अक्षर कोणते एवढे समजायलासुद्धा तुला माझ्या तोंडाकडे बघावे लागते, मग बाकीच्या बाबतीत विश्वास का नाही?

आता बघा, तोरा म्हणते की शनिवारी, शब्बाथला, काम करू नका. काम म्हणजे काय? चूल पेटवणे? गाठ मारणे? दोन अक्षरे लिहिणे? तोरात त्याची यादी नाही. मिश्ना ३९ प्रकारची कामे मोजून सांगते. तसेच कुराणात नमाज पढण्याची आज्ञा वारंवार येते, पण पहाटे किती रकात आणि दुपारी किती, हे कुराणात सापडत नाही. ते कळते पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याच्या आठवणींतून, म्हणजे हदीसमधून. मुळात एक ग्रंथ आणि त्याच्या जोडीला लोकांनी जपलेली आठवण, अशी दोन चाकांची गाडी दोन्हीकडे आहे. यहुदी आपल्या आचारशास्त्राला हलाखा म्हणतात, त्याचा मूळ धातू चालणे. मुसलमान शरीयत म्हणतात, त्याचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट. दोघांनीही कायद्याला वाटच म्हटले आहे.

हदीस कशी सांगतात? अमक्याने अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, आणि शेवटचा माणूस पैगंबरांच्या समोर बसलेला. या साखळीला इस्नाद म्हणतात. मिश्नातली मोशेपासूनची साखळी आणि ही साखळी यांची जात एकच. फरक असा, की मुसलमान पंडितांनी एकेका वाक्याला स्वतंत्र साखळी लावली आणि साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी केली : तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का. बुखारी (इ.स. ८१० ते ८७०) यांच्या संग्रहात पुनरावृत्ती धरून सात हजारांवर हदीस आहेत, त्या अशा पारखून घेतलेल्या. या कामात मुसलमान यहुद्यांच्या पुढे गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक साम्य फार गमतीचे आहे. तोंडी ते तोंडीच राहावे, कागदावर उतरवू नये, अशी ताकीद तालमूदमध्ये आहे. बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या यहुदी विद्यापीठांत तर पाठ म्हणून दाखवण्यासाठी खास माणसे ठेवलेली असत. चालती-बोलती पुस्तकेच ती! त्यांना अर्थ कळतोच असे नाही, म्हणून इतर विद्वान त्यांना पुस्तकांनी भरलेली टोपली म्हणून चिडवीत. इस्लाममध्येही सुरुवातीला हाच वाद झाला. कुराणाशिवाय माझे काही लिहू नका, अशी पैगंबरांची ताकीद सांगणारी हदीस आहे, आणि लिहायची परवानगी देणारीही आहे. दुसरे खलिफा उमर यांच्याविषयी इब्न साद या जुन्या चरित्रकाराने एक आठवण नोंदवली आहे. लोकांनी हदीस लिहून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा उमरांनी ते कागद मागवून जाळून टाकले आणि म्हणाले, की ग्रंथधारी लोकांच्या मस्नातसारखी ही आणखी एक मस्नात व्हायची! मस्नात म्हणजे आपली मघाची मिश्ना. म्हणजे यहुद्यांची तोंडी परंपरा काय आहे, ती कशी वाढत गेली, याची मदिनेतल्या मुसलमानांना चांगली कल्पना होती. मायकेल कुक या इतिहासकाराने १९९७ साली या लिहिण्या-न-लिहिण्याच्या वादावर मोठा लेख लिहून दाखवले, की दोन्हीकडचा वाद जवळजवळ एकाच भाषेत चालला होता. शेवटी दोन्हीकडे लिहावेच लागले. भाणकांनी तोंडपाठ जपलेला त्रिपिटक सिंहलद्वीपात ताडपत्रावर का उतरला, हे ज्यांनी या विहारात ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

बारीकसारीक साम्ये तर पुष्कळ आहेत. दोन-तीनच सांगतो. पहाटेची प्रार्थना केव्हापासून म्हणावी? मिश्ना म्हणते, निळा आणि पांढरा रंग वेगळा ओळखू येऊ लागला की. रोजाचा उपास केव्हा सुरू करावा? कुराण म्हणते, पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागला की. घड्याळ नसलेल्या माणसाचे घड्याळ ते! हात धुवायला पाणी नसेल तर माती, खडे किंवा लाकडाच्या भुशाने हात पुसावेत, अशी तालमूदची सवलत आहे. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने तयम्मुम करावा, ही कुराणातली सवलत तुमच्या मुसलमान शेजाऱ्यांना विचारा, ते सांगतील. यहुदी दानाला त्सेदाका म्हणतात आणि मुसलमान सदका. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी, त्यामुळे शब्दांचे एवढे नवल नको. पण दान म्हणजे उपकार नव्हे, गरिबाचा तो हक्कच आहे, ही कल्पनाही दोन्हीकडे सारखीच आहे.

आता गोष्टींकडे येऊ. बालमित्रांनो, ही तुमच्यासाठी. इब्राहीमचा, म्हणजे यहुद्यांच्या अब्राहामचा, बाप मूर्तिपूजक होता. इब्राहीमने एक दिवस सगळ्या मूर्ती फोडल्या, फक्त सगळ्यात मोठी ठेवली. कोणी फोडल्या, असे लोकांनी दरडावून विचारले. तो म्हणाला, या मोठ्यानेच फोडल्या असतील, त्यालाच विचारा. लोक म्हणाले, तो कसा बोलणार? मग जो बोलत नाही त्याच्यापुढे हात कशाला जोडता, असे त्याने विचारले. मग त्याला आगीत टाकले आणि तो वाचला. ही गोष्ट कुराणात आहे. तोरात शोधायला जाल तर सापडणार नाही. सापडेल ती यहुद्यांच्या तोंडी परंपरेत, उत्पत्तीच्या पुस्तकावरील जुन्या टीकेत. तिथे मोठ्या मूर्तीच्या हातात इब्राहीम काठीसुद्धा देतो.

इथे एक वळण आहे, तिथे जरा जपून चालले पाहिजे. अशी साम्ये दिसली, की काही लोकांना लगेच चोर पकडल्याचा आनंद होतो. अब्राहाम गायगर नावाच्या तरुण जर्मन यहुदी विद्वानाने १८३३ साली मुहम्मदांनी यहुदी धर्मातून काय घेतले या विषयावरचा आपला निबंध छापला. त्याला बॉन विद्यापीठाचे बक्षीस मिळाले होते. निबंध अभ्यासाचा होता आणि आजही त्याचे नाव घ्यावे लागते. पण १८९८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले ते आपल्या देशात, मद्रासला, आणि निघाले ते दिल्लीच्या एका मिशनरीला मुसलमानांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून! म्हणजे तराजू म्हणून बनवलेली वस्तू काठी म्हणून वापरायला दिली.

वास्तविक देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. आठव्या शतकाच्या आसपास इस्लामी मुलखात रचलेला यहुद्यांचा एक कथाग्रंथ आहे, त्यात इस्माईलच्या दोन बायकांची नावे आयेशा आणि फातिमा आहेत. एक पैगंबरांच्या पत्नीचे नाव, दुसरे लेकीचे. ती तोरातून आली नाहीत हे सांगायला नको. पहिल्या खुनानंतर प्रेत कसे पुरावे हे कावळ्याने माणसाला शिकवले, ही गोष्ट कुराणातही आहे आणि या ग्रंथातही. पण ग्रंथ कुराणाच्या नंतरचा, तेव्हा मूळ कोणाचे हा वाद संपत नाही. सादिया गाओन (इ.स. ८८२ ते ९४२) यांनी तोराचे अरबीत भाषांतर केले. यहुद्यांचे सर्वांत मोठे धर्मशास्त्री मायमोनिडीस (११३८ ते १२०४) यांनी मिश्नावरची टीका लिहिली ती अरबी भाषेतच, फक्त लिपी हिब्रू. आणि श्रद्धावान मुसलमानाला विचाराल तर तो म्हणेल, एकाच अल्लाहने आधी त्यांना सांगितले आणि मग आम्हाला, यात चोरी कुठली? त्याची श्रद्धा आपण मानू किंवा न मानू, पण कुराणाने काही लपवले नाही एवढे खरे. पुढच्या उदाहरणात ते दिसेलच.

आता मूळ मुद्दा.

मिश्नामध्ये सनहेद्रिन नावाचे प्रकरण आहे, न्यायालयाविषयीचे. खटला मृत्युदंडाचा असेल तर साक्षीदाराला आत आणून आधी धाक घालत. धाक कसला? मारहाणीचा नाही, विचारांचा. त्याला समजावून सांगत, की ऐकीव किंवा अंदाजाने बोलू नकोस. पैशाचा दावा असता तर पैसे भरून सुटका झाली असती. इथे मात्र तुझ्या खोट्या शब्दाने माणूस मेला, तर त्याचे रक्त आणि त्याच्या न जन्मलेल्या पिढ्यांचे रक्त तुझ्या माथी. मग दाखला देत काइनचा, ज्याने आपला भाऊ हाबेल याला मारले. तोरात तिथे भावाचे रक्त असे एकवचन नाही, रक्ते असे अनेकवचन आहे. गुरू म्हणत, ते उगीच नाही. हाबेल एकटा मेला नाही, त्याची सगळी वंशवेल मेली. म्हणून एक जीव मारणारा सगळे जग मारल्यासारखा आणि एक जीव वाचवणारा सगळे जग वाचवल्यासारखा समजावा.

आता कुराणाच्या पाचव्या सूरेत या. आधी आदमच्या दोन मुलांची कथा येते, एकाने दुसऱ्याला मारल्याची. मघाचा कावळा इथलाच. आणि लगेच पुढे ३२वी आयत. तिचा आशय असा, की याच कारणासाठी आम्ही इस्राएलच्या संततीला सांगून ठेवले, की ज्याने एकाला मारले त्याने जणू सगळ्या मानवजातीला मारले आणि ज्याने एकाला वाचवले त्याने जणू सगळ्यांना वाचवले. खुनाबद्दल किंवा मुलखात अनाचार माजवल्याबद्दल दिलेली शिक्षा मात्र त्यातून वगळली आहे, आणि पुढच्याच आयतेत कडक शिक्षा आहेत, हेही सांगितले पाहिजे. वाचणाऱ्याला कोडे पडते : भावाने भावाला मारले, त्यावरून सगळी मानवजात कुठून आली? मधला दुवा आहे तो त्या अनेकवचनी शब्दाचा, आणि तो तोंडी परंपरेत आहे. गायगरने हे १८३३ सालीच दाखवले होते. कुराण स्वतः म्हणते आहे, की हे इस्राएलच्या संततीला आधी सांगितलेले आहे. मग लपवाछपवी कसली?

आता मजा पुढे आहे. आज प्रचलित असलेल्या छापील तालमूदमध्ये हे वाक्य उघडून पाहिले तर तिथे एक शब्द जास्त आहे. एक जीव नाही, तर इस्राएलमधला एक जीव. म्हणजे जग वाचवल्याचे पुण्य यहुदी माणसाला वाचवले तरच! हा शब्द मूळचा का? एफ्राइम उर्बाख या यहुदी विद्वानाने १९७१ साली जुनी हस्तलिखिते ताडून या शब्दाचा छडा लावला. बुडापेस्टला मिश्नाचे एक फार जुने आणि विश्वसनीय हस्तलिखित आहे, काउफमन हस्तलिखित म्हणतात त्याला. त्यात हा शब्द नव्हता. मायमोनिडीसच्या ग्रंथाच्या जुन्या प्रतींतही नाही. मूळ वाक्य सगळ्या माणसांबद्दल होते, पुढे कोणा लेखकाने किंवा संशोधकाने त्याला कुंपण घातले.

आणि कुराणातल्या आयतेतही ते कुंपण नाही. तिथे जीव आहे आणि मानवजात आहे. सातव्या शतकात अरबस्तानात जे वाक्य लोकांच्या कानावर होते ते मोकळे होते, याची ही साक्ष म्हणायला हरकत नाही. यहुद्यांच्या छापील ग्रंथात जे आक्रसले, त्याचा जुना मोठेपणा मुसलमानांच्या ग्रंथाने जपून ठेवला. आम्हाला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कोणी कोणाचे घेतले या भांडणात ती साफ हरवून जाते.

मिश्नातला तो उतारा इथे संपत नाही. सुरुवातीला मनुष्य एकटाच का निर्माण केला, असा प्रश्न विचारून गुरू आणखी कारणे देतात. त्यातले एक नीट ऐका. माणसामाणसांत शांतता राहावी म्हणून. सगळ्यांचा मूळ बाप एकच असावा, म्हणजे कोणी कोणाला माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा असे म्हणू शकणार नाही. बंधूंनो, हे अठराशे वर्षांपूर्वीचे आहे! देव, निर्मिती, पहिला मनुष्य हे आपण मानत नाही. पण ज्या समाजाला कोणी मुखातून आणि कोणी पायातून जन्मला असे सांगितले गेले, त्या समाजाने या गोष्टीचा रोख ओळखायला हरकत नाही. पुढे नाण्याची उपमा आहे. राजा एका छापाने हजार नाणी पाडतो, ती सगळी एकसारखी. इथे एकाच आदमच्या छापाने सगळी माणसे पाडली, पण एक दुसऱ्यासारखे नाही. म्हणून प्रत्येकाने हे जग माझ्यासाठी झाले असे म्हणायला हवे.

इस्लाममध्ये याची जोड शोधायला लांब जावे लागत नाही. कुराणाच्या ४९व्या सूरेत सर्व माणसे एका स्त्री-पुरुषापासून झाली, जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि श्रेष्ठ तो जो अधिक सदाचारी, असा आशय आहे. ३०व्या सूरेत माणसांच्या भाषा आणि रंग वेगळे असणे हीच निर्मात्याची खूण म्हटली आहे, त्या नाण्यांप्रमाणेच. आणि इ.स. ६३२ च्या अखेरच्या हज यात्रेत पैगंबरांनी केलेले म्हणून जे भाषण हदीसमध्ये येते, त्यात तुमचा बाप एक, अरबाला परक्यावर किंवा गोऱ्याला काळ्यावर मोठेपणा नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. बांग देण्याचे मानाचे काम त्यांनी बिलाल यांना दिले. बिलाल हबशी, एके काळचे गुलाम.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, मग तिकडे सगळे गोड होते की काय? मुळीच नाही. त्याच तोंडी परंपरेत, त्याच मिश्नात, दुसऱ्या एका प्रकरणात बाबिलोनहून परत आलेल्या दहा कुळींची यादी आहे. वर पुरोहित, खाली ज्यांचा बाप माहीत नाही अशी लेकरे, आणि कोणी कोणाशी लग्न करावे याचे नियम. निषिद्ध संबंधातून झालेल्या मुलाला ममझेर म्हणतात. त्याच्या लेकराबाळांनाही इतरांशी सोयरीक बंद. एका जागी मात्र मिश्ना म्हणते, की विद्वान ममझेर हा अडाणी महापुरोहितापेक्षा आधी. तिकडे इस्लामी कायद्यात कफाअत नावाचा नियम आला, म्हणजे सोयरिकीत बरोबरी पाहणे. इमाम मालिक यांच्या पंथाने बरोबरी धर्मनिष्ठेत पाहावी असे म्हटले. पण आपल्या देशात जो हनफी पंथ जास्त चालतो त्यात वंश आणि धंदासुद्धा मोजला गेला. हिंदुस्थानातल्या मुसलमानांत अश्रफ, अजलफ आणि अरजल अशा उतरंडी कशा आहेत, शेवटच्यांना मशिदीत आणि दफनभूमीतही कसे येऊ देत नसत, हे १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीचा दाखला देऊन बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तेव्हा दोन्ही परंपरांच्या पोटात दोन्ही वाक्ये आहेत. एक बापाचे आणि एक कुळीचे. कोणते घोकले जाते, त्यावर पुढचे सगळे ठरते.

याची परीक्षा झाली ती आपल्याच मराठी माणसांवर. कोकणातले बेने इस्राएल तुम्हाला माहीत असतील. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून आले अशी त्यांची परंपरा. आडनावे गावावरून, बायका नऊवारीत, घरात मराठी. सुंता, शब्बाथ आणि शमा ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतके टिकवली. पण मिश्ना आणि तालमूद त्यांच्याजवळ नव्हते. तोंडी परंपरेच्या साखळीतून ही कडी सुटलेली. एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात, आणि मलिदा हा शब्द कोकणातल्या दर्ग्यावरही तसाच ऐकू येतो. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनगॉग बांधले. त्याला लोक मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरून पडले असे सांगितले जाते. कोचीनच्या यहुद्यांतही गोरे-काळे होते. गोऱ्यांच्या सिनगॉगमध्ये मुक्त गुलामांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. त्याविरुद्ध अब्राहाम बराक सालेम (१८८२ ते १९६७) यांनी सत्याग्रह केला.

१९४८ नंतर बेने इस्राएलमधली हजारो माणसे इस्राएल देशात गेली. आपल्या बापाच्या देशात आलो असे त्यांना वाटले. पण १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना काढली, की बेने इस्राएलचे लग्न इतरांशी लावण्यापूर्वी त्यांच्या आईची, आजीची आणि त्यामागच्या पिढ्यांची जमेल तेवढी चौकशी करावी. कारण काय? यांना तोंडी परंपरेतले घटस्फोटाचे आणि दिराशी विवाहाचे नियम ठाऊक नव्हते. मग पूर्वी कधी नियमबाह्य लग्ने झाली असतील, त्यातून ममझेर निपजले असतील! शंका, आणि तीही न जन्मलेल्यांच्या नव्हे तर केव्हाच मेलेल्यांच्या नावावर. साक्षीदाराला अंदाजाने बोलू नकोस म्हणून बजावणारी मिश्ना ज्यांना तोंडपाठ, त्यांच्या कार्यालयातून हे निघाले.

आपली माणसे गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, बायका-मुलांसह. त्यातले कित्येकजण आपसात मराठीच बोलत होते. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेची खास बैठक बोलवावी लागली. बेने इस्राएल हे सर्व बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे सरकारने तिथे जाहीर केले. महिनाअखेर धर्मपीठाने आपल्या सूचनेतून बेने इस्राएल हे नाव काढून टाकले. चौकशीचा नियम मात्र राहिला, ज्याच्याविषयी संशय असेल अशा कोणाही व्यक्तीला लागू, असे शब्द घालून.

अध्यक्षांनी घड्याळाकडे खूण केली आहे आणि भोजनदानाच्या पंगतीची तयारी झालेली दिसते. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही जेवणानंतर इथेच आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!